चित्र बॅटरीचं, दुखणं दुसरंच



मोटारीच्या डॅशबोर्डवर जे दहा-बारा दिवे असतात, त्यांतला एक लाल दिवा लोकांना हमखास चुकीच्या दुकानात पाठवतो. चौकोनी डबा, वर दोन बोंडं, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे, असं त्याचं चित्र. शाळकरी पोरही सांगेल, की ही बॅटरी. त्यामुळे चालत्या गाडीत तो पेटला की आपण बॅटरीवाल्याकडे जातो, तोही खुशीनं नवी बॅटरी बसवून देतो आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडते.

कवीनं मोटारीच्या विजेवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. माझे थोरले बंधू, भाईजान, कराडला ऑटो इलेक्ट्रिशियन. बी.ए. होईपर्यंत सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दुकानात टेस्ट लॅम्प धरून उभं राहणं हे माझं काम. मराठी मला कॉलेजनं शिकवली त्याहून थोडी जास्तच त्या दुकानानं शिकवली. तिथं दोन वाक्यं रोज कानावर पडायची. एक, ‘बॅटरी चार्जिंग घेत नाही.’ दुसरं, ‘आल्टरनेटर चार्जिंग देत नाही.’ घेणं आणि देणं. आजचा सगळा विषय या दोन क्रियापदांत आहे. तो लाल दिवा मुख्यतः ‘देत नाही’ची तक्रार करतो आणि आपण ती ‘घेत नाही’ अशी ऐकतो.

गाडीत वीज तयार करणारं यंत्र म्हणजे आल्टरनेटर. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, नारळाएवढं, पट्ट्यावर फिरणारं. जुने लोक अजून त्याला डायनामोच म्हणतात. फिरत्या चुंबकाशेजारी तांब्याची तार ठेवली की तारेत वीज येते, हे मायकेल फॅरेडेनं १८३१ साली लंडनमध्ये दाखवलं, तेच इथं घडतं. आधी गाड्यांत डायनामो असायचा. १९६० साली क्रायस्लर कंपनीनं अमेरिकेत आपल्या व्हॅलियंट गाडीत आल्टरनेटर दिला आणि पुढे सगळ्यांनी तोच घेतला, कारण इंजिन मंद चालत असतानाही तो पुरेशी वीज देतो. बॅटरीचं खरं काम सेल्फ मारण्यापुरतं. इंजिन सुरू झालं की दिवे, वायपर, हॉर्न, इंजिनाचा संगणक हा सगळा संसार आल्टरनेटरच्या कमाईवर चालतो आणि त्यातूनच बॅटरीचीही भर होते. कमाई थांबली की शिल्लक मोडून खाणं सुरू. लाल दिवा सांगतो तो हा क्षण. गाडी तर मजेत पळत असते. म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

जुन्या गाड्यांत या दिव्याची रचना मोठी सुंदर होती. दिव्याचं एक टोक चावीमार्गे बॅटरीला, दुसरं आल्टरनेटरला. चावी फिरवली, इंजिन बंद, की एका टोकाला बारा व्होल्ट, दुसऱ्याला काहीच नाही. वीज वाहते, दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, आल्टरनेटर देऊ लागला, की दोन्ही टोकांना सारखाच दाब. तराजूची पारडी समसमान, दिवा विझला. शिवाय दिव्यातून जाणारी ती थोडीशी वीजच आल्टरनेटरच्या चुंबकाला पहिली जाग आणायची. म्हणजे कित्येक गाड्यांत दिव्याचा बल्ब उडाला तर आल्टरनेटरही गप्प बसायचा.

यातून एक सोपी परीक्षा निघते. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. लाल दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर आनंद मानू नका. बल्ब, फ्यूज किंवा वायर यांतलं काहीतरी गेलेलं आहे आणि उद्या बिघाड झाला तर सांगायला कुणी नाही. जुनी गाडी विकत घेताना लोक रंग बघतात, टायर बघतात. हा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, एवढं बघायला पाच सेकंद लागतात, ते मात्र कुणी बघत नाही.

आता एक घडलेली हकीकत. चिपळूणकडे नोकरीला असलेले, आमच्या ओळखीचे एक मास्तर. म्हातारी आई दम्याची, पावसाळ्यात रात्री तिचा श्वास कोंडू लागला. नातलग आणि नेहमीचे डॉक्टर कराडला, म्हणून तिला गाडीत घेऊन ते कुंभार्ली घाटाच्या वाटेला लागले. पोफळीजवळ लाल दिवा लागला. पण आठच दिवसांपूर्वी दुकानदारानं नवी बॅटरी बसवून दिलेली. नव्या बॅटरीचा दिवा कसा लागेल, मीटरमध्येच काहीतरी गडबड असेल, असं म्हणून ते घाट चढू लागले.

इथं थोडं गणित करू. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. हेडलाइटचे दोन बल्ब ५५ वॉटचे, म्हणजे नऊ अँपिअर. इंजिनाचा पंप, स्पार्क, संगणक यांना आठ-दहा. काचेवरचं धुकं घालवायला लावलेल्या पंख्याला तेवढेच. वायपर, मागचे दिवे धरून तीस अँपिअरच्या घरात खर्च जातो. कागदावर ही शिल्लक तासभर पुरते. प्रत्यक्षात पुरत नाही, कारण बॅटरी निम्मी रिकामी होते तसा दाब उतरतो आणि इंजिन अडखळू लागतं. त्यात स्टिअरिंग विजेवर चालणारं असेल तर घाटातलं प्रत्येक वळण आणखी वाटा मागतं. रात्रीच्या पावसात अर्धा तास, फार तर पाऊण तास धरावा. तीच गाडी दिवसा, कोरड्या हवेत, सगळं बंद ठेवून चालवली तर दोनेक तासही काढू शकेल.

मास्तरांच्या बाबतीत हेच झालं, आणि ठरल्या क्रमानं झालं. आधी स्टिअरिंग जड झालं. मग वायपर रेंगाळू लागले, हेडलाइट पिवळे पडले आणि घाटमाथ्यावर धुक्यात इंजिन बंद. हॉर्नलाही आवाज नाही. मागून येणाऱ्याला दिसावं तर मागचे दिवेही गेलेले. मास्तर मोबाइलचा उजेड हलवत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. नशिबानं दुधाचा एक टेंपो थांबला, त्यानं आईला कराडला पोहोचवलं. ती वाचली. दुसऱ्या दिवशी गाडी भाईजानांच्या दुकानात आली. आल्टरनेटर खोलला तर आतले कार्बन झिजून संपलेले. भाईजान एवढंच बोलले, ‘मास्तर, बॅटरी नवी आहे हे खरं, पण तिला खायला कोण घालणार?’ पोफळीहून मागे फिरलं असतं तर चिपळूण अर्ध्या तासावर होतं, सगळा सपाट रस्ता. आठ दिवसांपूर्वी काढून दिलेली जुनी बॅटरी बहुधा चांगलीच असणार.

तेव्हा वाटेत दिवा लागला तर पहिली नजर तापमानाच्या काट्याकडे टाका. पुष्कळ गाड्यांत आल्टरनेटर फिरवणारा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवतो. आपल्या जुन्या मारुती ८०० मध्येही तसंच होतं. पट्टा तुटला असेल तर वीज आणि थंडावा दोन्ही एकदम जातात. काटा चढत असेल तर गाडी तिथंच कडेला घ्या, इंजिन बंद करा. चार किलोमीटरच्या हट्टापायी इंजिनाचं हेड जातं. काटा जागेवर असेल तर एसी, पंखा, रेडिओ, मोबाइलचा चार्जर बंद करा आणि जवळच्या वस्तीकडे चला. हेडलाइट मात्र रात्री बंद करायचे नाहीत, वीज वाचवण्यासाठी आंधळं व्हायचं नसतं. वाटेत चहाला थांबून इंजिन बंद करू नका. पुन्हा सेल्फ मारायला लागणारी वीज ही सगळ्यांत मोठी उधळपट्टी.

घरी पोहोचलात, सकाळ झाली, की तपासायला बसा. इंजिन बंद ठेवून आधी नुसते डोळे वापरा. पट्टा आहे का, सैल आहे का, त्याला भेगा आहेत का, तेलानं माखलाय का. पावसात गाडी सुरू करताना ‘चीं’ असा आवाज येत असेल तर पट्टा घसरतोय, तुमचं अर्धं निदान तिथंच झालं. मग बॅटरीचे टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर ते सोडवून, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं साफ करा. बॅटरीच्या उणे टोकापासून गाडीच्या अंगाला आणि इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या जाड वायरी हलवून बघा. कोकणात या वायरी आतून सडतात, वरून धडधाकट दिसतात. आल्टरनेटरच्या पाठीमागचा छोटा प्लग निसटलाय का, मोठा फ्यूज उडालाय का, तेही बघून घ्या. माझ्या आठवणीत दुकानात येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच एवढ्यावरच परत जायच्या.

यापुढे मल्टिमीटर लागतो. तीन-चारशे रुपयांत साधा मिळतो आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्या घरी तो असावा, असं माझं ठाम मत आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. आता इंजिन सुरू करून तिथंच मोजा. हे करताना ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी पट्ट्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखाही न सांगता सुरू होतो. आकडा १३.८ ते १४.५च्या आसपास आला तर आल्टरनेटर देतोय. मग हेडलाइट आणि पंखा लावा; आकडा थोडा उतरेल, पण तेराच्या वर टिकायला हवा. इंजिन सुरू असूनही बारा-साडेबारावरच असेल आणि हळूहळू घसरत असेल तर देणं थांबलंय. आणि पंधराच्या पुढे जात असेल तर उलटं दुखणं, रेग्युलेटर बिघडलाय, मोजमाप न ठेवता वाढतोय. अशी बॅटरी तापते, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, गाडीचे बल्ब वारंवार उडतात.

आकडा कमी आला म्हणून लगेच आल्टरनेटरला दोषी ठरवू नका. मीटरचं एक टोक आल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या अधिकवर धरा, इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. दोहोंतला फरक पाव व्होल्टच्या आत हवा. एखादा व्होल्ट दिसला तर देणारा देतोय, वाटेत गळती आहे, वायर किंवा जोड बदला. तीच परीक्षा आल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचं उणे टोक यांच्यात घ्या. दिवा पूर्ण न लागता मिणमिणता राहत असेल तर आतला एखादा डायोड गेल्याचा संशय घ्यावा. तेव्हा मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर मोजला की अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसतं.

नव्या गाड्यांचं एक वेगळं आहे. तिथं किती वीज बनवायची हे संगणक ठरवतो, इंधन वाचवायला मधूनच देणं कमी करतो. त्यामुळे एकदाच मोजून १२.८ दिसलं म्हणून निकाल देऊ नये. दिवे लावून, थोडं फिरवून पुन्हा मोजावं. विजेवरच्या गाडीत तर आल्टरनेटरच नाही. मोठ्या बॅटरीतून छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीला वीज देणारा कन्व्हर्टर असतो. तिथं हा दिवा लागला तर घरी काही उघडायला जाऊ नका, कंपनीच्या माणसाला बोलवा.

एक जुनी खोड मात्र अजून गेलेली नाही. चालू इंजिनावर बॅटरीचा टर्मिनल काढून बघायचा. गाडी चालू राहिली तर ‘डायनामो ओके’. मुशायऱ्यातल्याप्रमाणे गॅरेजमध्येही उस्तादाचा शब्द शागीर्द तपासून घेत नाही, त्यामुळे ही रीत पिढ्यान् पिढ्या उतरत आली. डायनामोच्या काळात ती खपून गेली. आल्टरनेटरमधून बॅटरी अचानक तोडली की विजेची लाट उसळते. तिनं डायोड जातात, संगणकही जाऊ शकतो. कुणी पाना घेऊन टर्मिनलकडे निघाला तर त्याचा हात धरा, मग तो कितीही मोठा उस्ताद असो.

दुरुस्तीचं म्हणाल तर अख्खा आल्टरनेटर बदलण्याची गरज दर वेळी नसते. कार्बन, रेग्युलेटर, बेअरिंग सुटे मिळतात आणि चांगला कारागीर ते बसवून देतो. काम झाल्यावर त्याला तुमच्यासमोर मीटर लावायला सांगा, आकडा स्वतः वाचा. आणि पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच गाडीत लावून ‘धावेल तशी भरेल’ असं म्हणू नका. नव्या कार्बनच्या आल्टरनेटरला पहिल्याच दिवशी रिकामी विहीर भरायला लावू नये. ती बॅटरी चार्जरवर ठेवा, तीन-चार अँपिअरवर दहा-बारा तास, सावकाश. भाईजान ती संध्याकाळी लावून दुकान बंद करायचे आणि सकाळी गिऱ्हाइकाला या म्हणायचे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)