प्लॉट पाहायला दोनदा जा

आमच्या वाडीच्या बचत गटात अलीकडे कर्जाचा अर्ज आला की निम्म्या वेळा कारण एकच असतं, प्लॉटचा इसार द्यायचा आहे. आनंदाचीच गोष्ट. पण दलाल तुम्हाला जागा दाखवतो ती दिवाळीनंतर. तेव्हा विहिरीला पाणी असतं, रस्ता कोरडा असतो, हवाही गार असते. म्हणून माझं म्हणणं, जागा एकदा मे महिन्यात पाहा आणि एकदा भर पावसात.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या चांगल्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. माणसं गेली. ही नदी निघते कुठून? आपल्या वाडीजवळच्या लाव्याच्या टेकड्यांतून. म्हणजे उताराचं पाणी आपल्याच अंगणातून पुढं जातं. ले-आउटच्या नकाशात नाला बारीक रेघेएवढा दिसतो, कधी दिसतही नाही. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर ओलीची खूण कुठवर आहे ते पाहा. दलालाला नाही, त्या घरातल्या मावशीला विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" सामान पलंगावर तिनंच चढवलेलं असतं.

उन्हाळ्यात विचारायचं ते बोअरचं. आपल्याकडे खाली काळा दगड. त्याच्या भेगेत पाणी लागलं तर लागलं. शेजारच्या बोअरला भरपूर आहे म्हणून आपल्यालाही लागेलच असं नाही. टँकर किती दिवसांनी येतो, हेही विचारा. मातीही हातात घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि पाया वरवरचा असला तर भिंतीला तडे जातात. सांदवाडीत सांबार, वाल लावायला मात्र तीच छान! मुरमावर घर पक्कं बसतं, पण भाजीसाठी माती आणून टाकावी लागते.

सातबारा, अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा, हे तिन्ही कागद कुणा जाणत्याकडून तपासून घ्या. त्यात भिडेखातर कोणाचं ऐकू नका.

आणि गल्ली मोजा. हसू नका. अग्निशमनची गाडी किंवा 108 ची रुग्णवाहिका दारापर्यंत वळेल का? रात्री बाळंतपणाची वेळ आली तर मुख्य रस्त्यापर्यंत चिखल किती तुडवावा लागेल? आमच्या गटातल्या एकीनं स्वस्तातला प्लॉट एवढ्याचसाठी सोडला. नवरा महिनाभर फुगून बसला होता.

घर झाल्यावर पाच माणसांना तीन दिवस पुरेल इतकं पाणी झाकून ठेवायची सोय करा. माणशी रोज वीस लिटर धरलं तर तीनशे लिटर होतं, म्हणजे दोनशे लिटरचे दोन ड्रम. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या फळीवर.

इसाराचा अर्ज आणणाऱ्या ताईंनी यापुढे बैठकीला येताना त्या शेजारच्या मावशीनं काय सांगितलं, तेही लिहून आणावं. आम्ही ते आधी वाचू.