फी माफ झाली, पुढे काय?

दहावीचा निकाल लागला की उरणच्या करंज्यापासून श्रीवर्धनच्या जीवनाबंदरापर्यंत एक प्रश्न हमखास कानावर येतो, "आमच्या पोरीला सायन्स झेपंल का?" गुण चांगले असतात, पोरीची इच्छाही असते. पण घरातलं कुणी आधी त्या वाटेला गेलेलं नसतं, म्हणून धास्ती वाटते. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात आणि विषय तिथेच संपतो. अशा घरातल्या मुलामुलींना विज्ञान-गणिताच्या शिक्षणात कुठली मदत मिळते, ती कशी मिळवायची आणि मिळालेली मदत पुरेशी आहे की नाही हे कसं ओळखायचं, याविषयी आज थोडं बोलू.

रायगडच्या किनाऱ्याला विज्ञान काही नवं नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा चुंबकीय नोंदींना अडथळा होणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं ते काम १९०४ साली अलिबागला हलवलं गेलं. आजही तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालते. ती ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, तिचं मुख्यालयही आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. थळला आरसीएफचा खतकारखाना आहे, उरणला जवाहरलाल नेहरू बंदर आहे, माणगाव तालुक्यात लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. या फाटकांच्या आत शास्त्रज्ञ किंवा अभियंते म्हणून आगरी, कोळी, बौद्ध, ठाकर, कातकरी घरांतली किती मुलं गेली, याचा हिशेब प्रत्येक गावाने आपल्यापुरता मांडून पाहावा. मुलींचा वेगळा मांडावा.

मदत म्हटली की आपल्याला आधी फी आठवते. ते बरोबरच आहे, पैशांवाचून पाऊल पुढे पडत नाही. पण फी माफ झालेली मुलंसुद्धा पहिल्या वर्षी गणितात अडकतात, प्रयोगशाळेत मागे उभी राहतात आणि गुपचूप शाखा बदलतात. त्यांना टिकवायला आणखी दोन गोष्टी लागतात. विषयाची भाषा आणि अभ्यासातली सोबत.

आधी भाषेचं पाहू. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली सुरू केलं. केंद्राचे पहिले संचालक भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुलं निवडून त्यांना शालान्त परीक्षेपर्यंत विज्ञान-गणिताचं जादा मार्गदर्शन दिलं. त्याचा अहवाल १९८५ साली निघाला. मुलांची बुद्धी कमी पडत नव्हती. पुस्तकातली लांबलचक, बोजड वाक्यं आणि घरी कधीही कानावर न पडलेले शब्द यांपाशी ती अडत होती. भाषा सोपी केली, प्रयोग हातात दिले, प्रश्न विचारायला मोकळीक दिली आणि मुलांची प्रगती दिसू लागली.

आपल्याकडे हा अडसर दोनदा येतो. घरी आगरी किंवा कातकरी बोलणारं मूल शाळेत पुस्तकी मराठी शिकतं. दहावीपर्यंत ते त्वरण, संवेग, घनता या शब्दांना सरावतं, आणि अकरावी सायन्सला फळ्यावर एकदम अॅक्सलरेशन, मोमेंटम, डेन्सिटी येतं. संकल्पना त्याला ठाऊक असते, पण तास संपेपर्यंत हे तेच आहे एवढंच कळत नाही. यावर एक साधा उपाय आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत बालभारतीच्या संकेतस्थळावरून विज्ञानाच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती उतरवून घ्या. पहिला पाठ गुरुत्वाकर्षणाचा. मराठीत तो पाठ झालेलाच आहे, तोच आता इंग्रजीत वाचायचा. वहीच्या पानावर दोन रकाने पाडायचे, एकात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी. रोज एक-दोन पानं केली तरी कॉलेज उघडेपर्यंत पुस्तक होऊन जातं.

आता सोबतीचं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात १९७०च्या दशकात युरी ट्राइसमन नावाचे गणिताचे संशोधक होते. कॅल्क्युलसच्या पहिल्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं इतक्या मोठ्या प्रमाणात नापास का होतात, हे त्यांना शोधायचं होतं. प्राध्यापकांना विचारलं तर नेहमीची उत्तरं आली: गरिबी, घरचं वातावरण, कच्चा पाया, कमी जिद्द. ट्राइसमन यांनी मुलांच्या खोल्यांवर जाऊन ती अभ्यास कसा करतात ते पाहिलं आणि ही उत्तरं टिकेनात. मुलं खूप अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं मात्र रात्री एकत्र बसत, एकमेकांची गणितं तपासत, अडलं तर भांडत आणि हे सगळ्यांनाच अडलंय हे समजून पुन्हा कामाला लागत. ट्राइसमन यांनी मग कृष्णवर्णीय मुलांसाठी गटाने काम करण्याचे वर्ग काढले. त्यांत सोपी उजळणी ठेवली नाही, नेहमीपेक्षा अवघड गणितं ठेवली. निकाल पालटला, आणि पुढे अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली.

जाळं एकट्याने ओढत नाहीत, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. अभ्यासाच्या बाबतीत मात्र आपण मुलाला सांगतो, "दार लाव आणि एकटा बस." पाचजणांचा गट करा. आठवड्यातून दोनदा कॉलेजच्या रिकाम्या वर्गात बसा. आदल्या दिवशी प्रत्येकाने गणितं स्वतः सोडवून आणायची आणि गटात ती फळ्यावर मांडून समजावायची. समजावताना जिथे जीभ अडखळते, तिथे आपल्याला नेमकं काय आलेलं नाही ते कळतं. मुलींना एस.टी. किंवा रेवसची लाँच गाठायची असते, म्हणून गटाची वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. संध्याकाळी सातला ठेवलेला गट मुलींसाठी बंदच असतो.

आता पैशांचं आणि कागदांचं.

मूल आठवीत असेल तर एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आहे. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतली, साडेतीन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेली मुलं तिला बसू शकतात. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अकरावीपासून पुढच्या बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. राहण्या-जेवणाचे पैसे त्यांत खात्यावर येतात. पहिलीची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करायची, दुसरीची पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात.

मुलींच्या पालकांनी एक फरक लक्षात घ्यावा. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली. पण ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. मुलगी साध्या बी.एस्सी.ला जात असेल तर हीच सवलत लागू होईल असं गृहीत धरू नका. कॉलेजच्या कार्यालयात विचारा, तिच्यासाठी वेगळी योजना असू शकते.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त वेळ खातं ते जात पडताळणी प्रमाणपत्र. बारावी सायन्सचा विद्यार्थी असेल तर कॉलेजमार्फत त्याचा अर्ज वेळीच करून टाका, प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ते हाती येत नाही. आपल्या भागात कोळी समाजाने दाखल्यावरची नोंद नीट वाचावी. महादेव कोळी अनुसूचित जमातीत येतात, सोनकोळी विशेष मागास प्रवर्गात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं "कोळी" असेल तर पुरावे जमवायला वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल त्यांना नॉन-क्रीमीलेअर आणि आधार जोडलेलं बँक खातं, एवढं एका पिशवीत तयार ठेवा.

आता पदवीच्या वर्षांकडे येऊ. इथे संधी बऱ्याच आहेत, पण मुंबईबाहेरच्या कॉलेजांत त्यांची चर्चा कमी होते. बारावीत मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची. त्यातले २०,००० उन्हाळ्यात एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रकल्प करण्यासाठी असतात. मला विचाराल तर या शिष्यवृत्तीतला खरा ऐवज तो उन्हाळा आहे. होमी भाभा केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम २००४पासून आहे. गणिताची आवड असणाऱ्यांनी एमटीटीएस हे नाव लिहून घ्यावं. मुंबई विद्यापीठात शिकवणारे प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ साली हे उन्हाळी शिबिर सुरू केलं. इथे पाठांतर चालत नाही. "असंच का?" हा प्रश्न शिक्षक मुलांना विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतात. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाने होमी भाभा केंद्राबरोबर सुरू केलेली माधव गणित स्पर्धाही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिला बसायचं ते बक्षिसासाठीच असं नाही. आपल्या विद्यापीठाच्या पेपराबाहेर गणित कसं असतं, ते त्या दोन-तीन तासांत दिसतं.

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांनी आणखी एक ऐकून ठेवावं. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम असतो. मुख्य यादीत नाव नाही म्हणजे सगळं संपलं, असं समजून घरी बसू नका.

कॉलेज निवडताना पालकांनी नुसती इमारत पाहून परत येऊ नये. तीन गोष्टी विचाराव्यात. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी जादा तास होतात का, आणि ते कोण घेतं? प्रयोगशाळेत एका उपकरणावर किती मुलं असतात? गेल्या वर्षी किती मुलं उन्हाळी शिबिरांना किंवा प्रकल्पांना गेली? उत्तर देताना कॉलेज चाचरलं तरी विचारायचं सोडू नका. पालक विचारतात हे कळलं की कॉलेजही तयारीला लागतं.

माझ्या शिक्षक मित्रांनाही एक विनंती. जादा तासांना कच्च्या मुलांचा वर्ग म्हणू नका. त्या नावाखाली बसायला कुणालाच आवडत नाही, आणि ज्याला गरज असते तोच पहिल्यांदा पळतो. तोच तास अवघड गणितांचं मंडळ म्हणून चालवा, हुशार समजली जाणारी मुलंही त्यात बसवा. शिबिराची पत्रकं कॉलेजला आली की फलकावर लावून थांबू नका. दोन मुलांना बोलावून अर्ज समोर बसून भरून घ्या. घरात कुणी कधी असा अर्ज भरलेला नसतो, त्या मुलाला "तू भर" असं कुणीतरी म्हणावं लागतं.

आणि पालकांनो, मूल पहिल्या सहामाहीत कमी गुण घेऊन आलं तर लगेच शाखा बदलायचा निर्णय घेऊ नका. भाषा बदललेली असते, परीक्षेची पद्धत बदललेली असते. वर्ष पूर्ण होऊ द्या. दरम्यान त्याला अभ्यासाचा गट आहे का आणि अडलेलं विचारायला एक शिक्षक आहे का, एवढं पाहा. दोन्ही असतील तर "झेपंल का?" या प्रश्नाला मी बिनधास्त "झेपंल" म्हणेन. नसतील तर आधी त्यांची सोय लावा, मग शाखेचा विचार करा.