आनंदाचे माप आपले असावे

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात केलेले भाषण)



आज मारुतिरायाच्या शिखरावर कलश चढला. आपणा सर्वांचे कष्ट सार्थकी लागले. समितीने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी कीर्तनकार नव्हे की विद्वान नव्हे. जे स्वतः भोगले तेवढेच सांगतो.

डोंबिवलीच्या आसपासची आपली गावे भातशेतीची. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि हाती पैसा आला. वाईट झाले असे मी म्हणणार नाही. मुले शिकली, घरे पक्की झाली. पण पैशाबरोबर एक खोडही आली. शेजाऱ्याच्या मांडवाकडे पाहून आपण आपले सुख मोजू लागलो.

मीही मोजले. थोरल्या मुलाच्या लग्नात, शेजारच्या हळदीपेक्षा आपली हळद मोठी झाली पाहिजे, या ईर्षेने दोन गुंठे जमीन विकली. रात्रभर बाजा वाजला, दारू वाहिली. लोक म्हणाले, हळद गाजली! पहाटे रिकाम्या मांडवात मी एकटा बसलो होतो. माझा सख्खा चुलता दारूपायी गेला. तीच दारू मी माझ्या हाताने पाहुण्यांना पाजली होती. त्या दिवशी लोकांनी माझे कौतुक केले, पण मला माझ्याच घरात मान वर करवेना.

अशा वेळी मला गाडगेबाबांची आठवण झाली. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे नाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावी त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनाने लहानपणीच गेले. पुढे डेबूजींच्या मुलीचे बारसे आले. मटण आणि दारू ही रीत. त्यांनी रीत मोडली आणि गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले, पण डेबूजी ढळले नाहीत. १९०५ साली त्यांनी घर सोडले. मग दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, हाच त्यांचा नेम. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत तो नेम चालला. दुसऱ्याचे अंगण झाडण्यात त्यांना जे सुख मिळाले, ते मला दोन गुंठे विकून मिळाले नाही.

धाकट्या मुलीच्या लग्नात मी ठरवले की मांडवात दारू येणार नाही आणि कर्जही होणार नाही. घरात वाद झाला. आमची मंडळी म्हणाली, "लोक नावे ठेवतील." ठेवलीच! काही पाहुणे जेवण्याआधी उठून गेले, आणि एक जवळचे नातेवाईक आजही आमच्याकडे येत नाहीत. त्याचे दुःख आहे, ते लपवीत नाही. पण त्या रात्री बाजा नव्हता, म्हणून धवलारणीचा आवाज सर्वांना ऐकू आला. किती वर्षांनी धवळे नीट कानी पडले! म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. मला शांत झोप लागली.

लग्न काही रोज येत नाही, हे खरे. पण रोजचा आनंदही याच वाटेने येतो. आपली कितीतरी माणसे पहाटे उठून लोकल गाठतात. डब्यात पाय ठेवायला जागा नसते, तरी भजनी मंडळी टाळ काढतात आणि मुंबई येईपर्यंत अभंग गातात. त्यांची गर्दी कमी होत नाही, पण सकाळ त्यांची स्वतःची होते. १९९९ साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. लोक आपापल्या हौसेने नटून रस्त्यावर आले, आणि ती प्रथा पुढे गावोगावी गेली. जे मनापासून आपले असते, त्याला आग्रहाचे निमंत्रण लागत नाही.

देणगीदार मंडळींना नम्रपणे सांगतो, कोणी लाख दिले, कोणी एकवीस रुपये दिले. कोणी काहीच देऊ शकले नाही, पण विटा वाहिल्या. आपली ऐपत आणि आपली श्रद्धा पाहून ज्याने दिले, त्याचे दान पूर्ण झाले. शेजाऱ्याचा आकडा पाहून कोणी दिले असेल, तर ते देवाला चालेल. पण देणाऱ्याला त्याचा आनंद लाभणार नाही.

शेवटी एकच विनंती. उद्यापासून या अंगणात रोज सकाळी कोणीतरी खराटा हाती घ्यावा. पहिल्या दिवशी मी येतो. आणि घरी कार्य निघाले, की पाहुण्यांची यादी करण्याआधी नवरा-बायकोने इथे पायरीवर घटकाभर बसावे आणि एकमेकांना विचारावे: हे आपल्याला पटते का? उत्तर मिळेल तसे वागावे.

मारुतिराया आपणा सर्वांना तेवढे बळ देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

रामकृष्ण हरी!