आवाजाच्या आतलं घड्याळ

सीडीवर गाणं असतं असं आपण म्हणतो. खरं तर तिथे आकडे असतात. दर सेकंदाला, प्रत्येक कानासाठी, ४४,१०० आकडे. त्या त्या क्षणी आवाजाची लाट किती वर होती किंवा किती खाली, एवढंच तो आकडा सांगतो. पण तो क्षण नेमका कोणता, हे आकड्याशेजारी कुठेही लिहिलेलं नसतं. हा ‘केव्हा’ ऐकवणाऱ्या यंत्रालाच तयार करावा लागतो, आणि ते काम ध्वनीच्या चिपमधल्या घड्याळाचं.

या घड्याळाला काटे नसतात, नुसते ठोके असतात. एका आकड्यामागे बहुधा २५६ ठोके लागतात. म्हणजे सीडीच्या वेगासाठी सेकंदाला १,१२,८९,६०० ठोके. दुसरा वेग आहे ४८,००० आकड्यांचा, तो दूरचित्रवाणी आणि व्हिडिओच्या जगात रुळलेला. त्याला १,२२,८८,००० ठोके हवेत.

दोन वेग कशाला, असं तुम्ही विचाराल. मलाही हा उपद्व्यापच वाटतो, पण त्याला इतिहास आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आवाजाचे एवढे आकडे साठवायला व्हिडिओ टेपच हाताशी होती. चित्राच्या एका ओळीत तीन आकडे बसत. सेकंदाला ६० अर्धचित्रं आणि प्रत्येकात २४५ ओळी, किंवा युरोपच्या पद्धतीने ५० अर्धचित्रं आणि २९४ ओळी. गुणाकार करून पाहा, दोन्हीकडे ४४,१०० येतात! १९८२ साली सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन.

या दोन वेगांची गल्लत झाली की काय होतं, ते आमच्या ओळखीच्या एका घरात पाहिलं. आजीच्या ओव्यांची कॅसेट त्यांनी संगणकावर उतरवून घेतली होती. आकडे घेतले गेले ४४,१००च्या वेगाने, पण फाइलच्या माथ्यावर ४८,००० अशी नोंद पडली. अर्ध्या तासाच्या ओव्या साडेसत्तावीस मिनिटांत संपू लागल्या, आणि सूर दीड स्वर चढला. काळी एकमध्ये गाणारी आजी पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या अलीकडे अधांतरी लटकली. आजी गेल्यानंतर जन्मलेल्या नातवाला तिचा आवाज तसाच पातळ, लगबगीचा वाटत होता. त्याने दुसरा ऐकलाच नव्हता. माथ्यावरचा एक आकडा बदलला आणि मूळचा भरदार आवाज परत आला.

तर चिपला हे ठोके मिळतात कुठून? चिपशेजारी पत्र्याची एक चपटी डबी असते, तिच्यात क्वार्ट्झची चकती. विजेचा दाब दिला की ती ठरलेल्या गतीने कंप पावते. मनगटी घड्याळातलं क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं. पण एका चकतीची गती एकच. यूएसबीच्या उपकरणात पुष्कळदा १ कोटी २० लाख ठोक्यांची चकती असते, आणि आपल्याला तर वरचे दोन आडनिडे आकडे हवेत.

इथे चिपमधली खरी करामत सुरू होते. तिच्या आत दुसरा एक आंदोलक असतो, चपळ पण बेभरवशाचा. उष्णतेने, विजेच्या दाबाने ढळणारा. त्याला चकतीच्या तालात ठेवायचं. चकतीच्या ठोक्यांना १२५ने भागलं की उरतात ९६,०००. आंदोलकाच्या ठोक्यांना १२८ने भागायचं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं, पुढे कोण, मागे कोण. तो मागे पडला तर त्याचा विजेचा दाब किंचित वाढवायचा, पुढे गेला तर कमी करायचा. तो जागेवर स्थिरावला की ९६,००० गुणिले १२८, म्हणजे बरोबर १,२२,८८,०००. सीडीच्या वेगासाठी ६२५ आणि ५८८ ही जोडी घ्यायची. प्रत्यक्षात आंदोलक याहून बराच वेगाने फिरवून मग भागाकार करतात, तत्त्व तेच. या रचनेला ‘फेज लॉक्ड लूप’ म्हणतात.

दुरुस्ती मात्र सबुरीने करावी लागते. प्रत्येक ठोक्याला धसमुसळेपणाने ओढाताण केली, तर सरासरी बरोबर येते आणि एकेक ठोका मागेपुढे थरथरतो. एखादा तबलजी समेवर बिनचूक येतो, पण मधल्या मात्रा सरकवतो, तसंच हे. याला ‘जिटर’ म्हणतात. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत, सर्वांत चढ्या आणि मोठ्या स्वराला, सेकंदाच्या एक अब्जांशाच्या पाव भागाएवढी चूकही एका पायरीची गफलत करते. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम सात सेंटिमीटर जातो. अर्थात हा टोकाचा हिशेब आहे. नेहमीच्या गाण्यात एवढं कानाला जाणवत नाही. त्याची भीती घालून महागड्या पेट्या विकणाऱ्यांपासून मात्र जपून राहा.

दुसरी अडचण दोन घड्याळांची. संगणकाची चकती वेगळी, बाहेरच्या उपकरणाची वेगळी. दोन्हींत दहा लाखांत पन्नासाचा फरक धरा. सेकंदाला दोन आकडे इकडचे तिकडे. मधला साठा हळूहळू भरतो तरी किंवा आटतो तरी, आणि मग गाण्यात मध्येच ‘टक्’ वाजतं. शिवाय यूएसबीचं टपाल मिलिसेकंदाला एकदा निघतं, आणि तेवढ्यात ४४.१ आकडे बसवायचे! मग नऊ खेपांना ४४ आणि दहाव्या खेपेला ४५ पाठवतात. यावर मला पटलेला उपाय असा, की आवाज जिथे बाहेर पडतो तिथलं घड्याळ मुख्य मानायचं. उपकरणच संगणकाला सांगतं, साठा आटतोय, थोडे जास्त पाठव; आता भरला, जरा थांब. संगणक निमूटपणे तेवढेच आकडे पाठवतो.