मागचा उजेड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने काहीतरी वाचून, समजून घेऊन चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा माझी पाळी आली आणि मी विषय सांगितला, तेव्हा दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. विषय आहे आकाशातला एक स्फोट आणि त्याच्या मागे उरणारा उजेड. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत. तेव्हा हे धारिष्ट कशासाठी, असे तुम्हांला वाटले तर त्यात नवल नाही.

कारण घरातलेच आहे. माझी धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे. तिला पुण्याला जाऊन पदार्थविज्ञान शिकायचे आहे आणि तारे पाहण्याच्या कामात पडायचे आहे. घरात त्यावर अजून एकमत नाही. ज्या गोष्टीसाठी मुलगी घर सोडू पाहते, ती गोष्ट आहे तरी काय, एवढे आईला कळायला हवे, असे माझ्या मनाने घेतले. दुपारची भांडी आवरली की तिला समोर बसवून मी वाचून घेत असे आणि अडले तिथे विचारीत असे. त्यातून जे माझ्या पदरात पडले ते आज तुमच्यापुढे मांडते.

आपल्या डोळ्यांना दिसतो तो उजेड म्हणजे उजेडाच्या मोठ्या कुटुंबातले एक भावंड. रेडिओच्या लहरी, क्ष-किरण ही त्याचीच भावंडे. त्यांतले सर्वांत जहाल ते गॅमा किरण. आकाशातून येणारे गॅमा किरण पृथ्वीवरची हवा वरच्या वर अडवते, म्हणून आपण सुखरूप आहोत. पण त्यामुळेच ते जमिनीवरून दिसतही नाहीत. त्यांच्यासाठी उपग्रहच वर पाठवावा लागतो.

हे स्फोट सापडले ते निराळेच काही शोधताना. १९६३ साली अमेरिका, रशिया आणि इंग्लंड यांनी हवेत व अवकाशात अणुबॉम्बची चाचणी न करण्याचा करार केला. कोणी चोरून चाचणी करतो की काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह वर सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांना गॅमा किरणांचा एक लखलखाट दिसला. तो बॉम्बचा नव्हता, सूर्याचाही नव्हता. नोंदी बऱ्याच काळ तशाच पडून होत्या. पुढे असे आणखी लखलखाट सापडत गेले आणि १९७३ साली शास्त्रज्ञांनी सोळा स्फोटांची हकीकत छापून प्रसिद्ध केली. तेव्हा जगाला कळले की आभाळात कुठेतरी, काही क्षणांपुरता, असा भडका उडत असतो.

पण कुठे? तिथेच सगळे अडले. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ‘धडाम्’ असा आवाज आला, तर शेजारच्या अंगणात पोराने लहान फटाका लावला की दूर डोंगरापलीकडे सुरुंग उडाला, हे केवळ आवाजावरून सांगता येत नाही. स्फोटांचेही तसेच. जवळचे असतील तर लहान, लांबचे असतील तर अचाट मोठे. १९९१ साली वर गेलेल्या एका मोठ्या उपग्रहाने पुढील नऊ वर्षांत २७०४ स्फोट टिपले. ते आकाशाच्या सर्व बाजूंना सारखे विखुरलेले निघाले. आकाशगंगेच्या पट्ट्यातच त्यांची दाटी असती तर ते आपल्याच आकाशगंगेतले म्हणता आले असते. तशी दाटी नव्हती. तरीही वाद मिटला नाही. १९९५ साली वॉशिंग्टनला दोन मोठे शास्त्रज्ञ या प्रश्नावर जाहीर सभेत समोरासमोर उभे राहिले. एक म्हणे जवळ, दुसरा म्हणे अतिदूर. निकाल कोणी द्यावा?

निकाल दिला तो मागच्या उजेडाने. भगिनींनो, आपण बांद्याच्या बायका. तेरेखोलचा पूर आपल्याला नवा नाही. पाणी रात्री चढते, पहाटे उतरूनही जाते. पण सकाळी दुकानाच्या भिंतीवर चिखलाची जी रेघ उरते, ती पाहून आपण नेमके सांगतो, पाणी इथवर आले होते. पूर पाहिला नसला तरी चालतो. रेघ पुसून जाण्याआधी तिथे पोचले पाहिजे. स्फोटाचेही असेच आहे. गॅमा किरणांचा लखलखाट काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत संपतो. मागे त्या जागी एक मंद उजेड उरतो. तो आधी क्ष-किरणांत दिसतो, साध्या उजेडात दिसतो आणि रेडिओ लहरींत सर्वांत जास्त काळ टिकतो. दिवसागणिक तो विझत जातो. तो विझण्याआधी दुर्बीण त्या जागी वळवायची, हेच या विद्येतले मुख्य काम.

ते प्रथम साधले २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाच्या वेळी. इटली व हॉलंड यांच्या उपग्रहाने जागा दाखवली, आणि एक दिवस पुरा व्हायच्या आत कॅनरी बेटांवरच्या दुर्बिणीने तिथले छायाचित्र घेतले. आठ दिवसांनी पुन्हा घेतले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तेव्हा पहिल्यात एक ठिपका होता, तो दुसऱ्यात नव्हता. तोच मागचा उजेड.

त्यानंतर सवादोन महिन्यांनी, ८ मे १९९७ ला, दुसरा स्फोट झाला आणि या वेळी आपले एक माणूस त्या कामात पुढे होते. श्रीनिवास कुलकर्णी त्यांचे नाव. जन्म १९५६ चा, कुरुंदवाडचा. नरसोबाच्या वाडीला गेलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणींना कुरुंदवाड ठाऊक आहे. सुधा मूर्ती या त्यांच्या भगिनी. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात त्यांच्या मंडळींनी हवाई बेटावरची प्रचंड दुर्बीण त्या विझत्या उजेडाकडे वळवली व त्याचे रंग वेगळे करून पाहिले. त्या उजेडाच्या वाटेवर वायूचे ढग होते. त्यांतल्या लोखंडाने आणि मॅग्नेशियमने आपापल्या काळ्या रेघा रंगपट्टीवर उमटवल्या होत्या. पण त्या रेघा आपल्या नेहमीच्या जागी नव्हत्या, लाल रंगाकडे बऱ्याच सरकल्या होत्या. परकराच्या इलॅस्टिकवर शाईने खुणा करा आणि ते ताणा. खुणा लांब लांब जातात. विश्व पसरत असल्याने दुरून येणारा उजेडही वाटेत असाच ताणला जातो. किती ताणला ते मोजले की तो किती दुरून आला ते कळते. हिशेब निघाला, सुमारे सात अब्ज वर्षांचा प्रवास! तीस वर्षांचा वाद त्या रेघांनी संपवला. हे स्फोट फार लांबचे, म्हणून अचाट मोठे.

त्याच स्फोटाची आणखी एक गंमत. चांदणी लुकलुकते, ग्रह लुकलुकत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. चांदणी आपल्याला टाचणीच्या टोकाएवढी दिसते म्हणून हवेच्या हालचालीने तिचा उजेड हलतो. ग्रहाची थाळी त्याहून मोठी. या मागच्या उजेडाच्या रेडिओ लहरी सुरुवातीला अशाच लुकलुकत होत्या आणि काही आठवड्यांनी स्थिर झाल्या. म्हणजे तो गोळा दरम्यान फुगला होता. कुणी दोरी लावून न मोजता, केवळ धीराने पाहत राहिल्याने, त्याचा आकारही कळला. या व अशा कामांसाठी कुलकर्णी यांना २०२४ साली शॉ पारितोषिक मिळाले.

मग स्फोट कशाचा? शास्त्रज्ञ दोन प्रकार सांगतात. फार मोठा तारा म्हातारा झाला, त्याच्या पोटातले जळण संपले की तो आतल्या आत कोसळतो आणि उजेडाचा झोत दोन बाजूंना पिचकारीसारखा सुटतो. झोत आपल्या रोखाने आला तरच आपल्याला दिसतो. दुसऱ्या प्रकारात दोन मेलेले, घट्ट झालेले तारे एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी आदळतात. असा एक प्रसंग १७ ऑगस्ट २०१७ ला नोंदला गेला. आदळण्याचा हिसका अवकाशालाच बसला व पृथ्वीवरच्या यंत्रांनी तो टिपला. सुमारे पावणेदोन सेकंदांनी गॅमा किरण आले. मागच्या उजेडाचा तपास पुढे कित्येक महिने चालू होता आणि त्यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची दुर्बीणही होती. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या त्या दुर्बिणीत तीस ताटल्या आहेत, एकेक पंचेचाळीस मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ दीडशे फूट. वारा आरपार जावा म्हणून पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी लावली आहे, मासे धरायच्या जाळ्यासारखी. त्या आदळण्यातून जड धातू तयार झाल्याच्या खुणा उजेडात सापडल्या. सोने अशाच ठिकाणी घडते, असे आता मानतात. आपल्या मंगळसूत्रातली वाटी सोनाराने घडवली खरी. पण त्यातले सोने पृथ्वी जन्मण्याच्या आधीचे आहे.

या कामात बायका नाहीत असे समजू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात काम केलेल्या पूनम चंद्रा यांनी, डेल फ्रेल यांच्याबरोबर, ३०४ स्फोटांच्या रेडिओ नोंदी एकत्र करून २०१२ साली प्रसिद्ध केल्या. शंभरांत सुमारे एकतीस ठिकाणीच रेडिओचा उजेड सापडला होता. बाकी एकोणसत्तर ठिकाणी काही दिसले नाही, तेही त्यांनी लिहून ठेवले. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या बाईला याची किंमत सांगायला नको. आले तेवढेच लिहिले आणि गेले ते लिहिले नाही, तर हिशेब कसला?

आपल्या देशाने २८ सप्टेंबर २०१५ ला ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह सोडला. त्यावरचे गॅमा किरण टिपणारे यंत्र मुंबईच्या टाटा संस्थेत तयार झाले. २०२२ साली त्याच्या खात्यात पाचशेवा स्फोट जमा झाला. लडाखमध्ये हानले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, मुंबईच्या आयआयटीच्या व बंगळूरच्या मंडळींची एक दुर्बीण आहे; ती निरोप आला की आपोआप त्या दिशेला वळते.

आता एक गोष्ट ऐका. २०२२ सालची कोजागरी रविवारी, ९ ऑक्टोबरला होती. संध्याकाळी पावणेसातचा सुमार. तुळशीपुढे दिवा लागला होता, आटवायचे दूध घराघरांत काढून ठेवले होते. त्या वेळी माणसाने आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी गॅमा स्फोट आपल्यापर्यंत पोचला. श्रवण नक्षत्राच्या चांदणीजवळून तो आला. हिशेब केला तर ती जागा त्या घटकेला बांद्याच्या जवळजवळ डोक्यावर येते. उपग्रहांवरच्या यंत्रांचे डोळे दिपले, वरच्या हवेतला विजेचा थर हलला, आणि आपल्याला काहीच जाणवले नाही. तो उजेड निघाला तेव्हापासून सुमारे दोन अब्ज वर्षे झाली. त्या काळी पृथ्वीवर झाड नव्हते, मासाही नव्हता. असा स्फोट दहा हजार वर्षांतून एखादाच, असे शास्त्रज्ञ म्हणतात. कोजागरीला ‘कोण जागे आहे’ असे लक्ष्मी विचारते ना? त्या रात्री जगभर जी माणसे जागी होती, त्यांनी दुर्बिणी वळवल्या आणि पुढे कित्येक महिने तो उजेड विझेपर्यंत मोजत राहिली.

माझ्या सासूबाई समोर बसल्या आहेत. त्यांनी मला घरात विचारले होते, “आभाळातला बघून पोट भरतला काय?” प्रश्न रास्त आहे. त्यांनी दुष्काळी दिवसांत चार मुले वाढवली. पोटाचा विचार त्यांनी करायचा नाही तर कोणी? सासूबाई, माझे उत्तर असे आहे. ॲस्ट्रोसॅटच्या त्या यंत्रात ज्या जातीचे स्फटिक आहेत, तसलेच स्फटिक इस्पितळातल्या तपासणीच्या यंत्रांतही वापरतात. म्हणजे ही विद्या शिकलेल्या मुलीला काम मिळत नाही असे नाही. पण मी केवळ तेवढ्यासाठी बोलत नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती पुढची शाळा लांब होती म्हणून, आणि मुलीने एवढे लांब जाऊ नये म्हणून. त्याचा राग माझ्या मनात कोणावरही नाही. मात्र ज्या कारणाने मी थांबले त्याच कारणाने माझी मुलगी थांबावी, हे मला पटत नाही. या विद्येत वेळेवर पोचण्याला फार मोल आहे. उजेड विझल्यावर गेले तर हाती काही लागत नाही. मुलींच्या शिक्षणाचेही वय असते.

लग्नात आईने मला दोन पाटल्या घातल्या होत्या. त्यांतली एक तिच्या पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी मोडायची, असे मी ठरवले आहे. घरी अजून सर्वांना ते पसंत नाही. आज चारचौघींत सांगितले, आता घरीही नीट बसून बोलणे होईल. ताऱ्यांच्या आदळण्यातून घडलेले सोने ताऱ्यांच्या अभ्यासासाठी गेले, तर ते वाया गेले असे मी तरी म्हणणार नाही.

मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, येत्या कोजागरीला दूध आटेपर्यंत आपण अर्धा तास अंगणातले दिवे मालवू आणि पोरीबाळींना श्रवणाची चांदणी दाखवू. चंद्र असला तरी ती दिसते. दुसरी, आपल्या शिल्लक फंडातून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढू, आणि गावातली जी मुलगी पुढे शिकायला बाहेर जाईल तिच्या एस.टी.च्या पासाला किंवा पुस्तकांना ती देऊ. रक्कम किती असावी ते कार्यकारिणीने ठरवावे. माझी वर्गणी मी आजच खजिनदारबाईंकडे देते.