सभेत शस्त्र कशाला?

(पाचोरा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



गिरणाकाठच्या एखाद्या गावातील ग्रामसभा डोळ्यांपुढे आणावी. विषय वाळूघाटाचा. एक शेतमजूर बाई विरोध नोंदवण्यासाठी उठते. पुढच्या खुर्चीतील गृहस्थाच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल दिसत असते. तो ते बाहेर काढत नाही, कोणाला धमकावतही नाही. तरी बाई खाली बसते आणि इतिवृत्तात नोंद होते, 'ठराव सर्वानुमते मंजूर'. गोळी न सुटताच पिस्तुलाने आपले काम केलेले असते.

हा प्रश्न इतरत्रही उभा राहिला आहे. 30 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेत मिशिगन राज्याच्या विधानभवनात निदर्शक उघडपणे बंदुका घेऊन शिरले. तेथे शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क मानला जातो. तरीही जानेवारी 2021 मध्ये त्या भवनात उघडपणे शस्त्र नेण्यास बंदी घालावी लागली.

भारताने याचा निर्णय फार पूर्वीच केला आहे. इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने हिंदी जनतेला निःशस्त्र केले. त्याची चीड म्हणून 1931 च्या कराची काँग्रेसने नियमाधीन शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या ठरावात घातला. त्याचाच आधार घेऊन डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली. हेच कामत पुढे प्रजासमाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेले. सर्वांना हा हक्क दिला तर तो गुन्हेगारांनाही द्यावा लागेल, अशा आशयाचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले आणि दुरुस्ती फेटाळली गेली. उलट, एकोणिसाव्या अनुच्छेदाने सभेचा जो हक्क दिला तो शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. म्हणजे निःशस्त्रता ही सभेच्या हक्काचीच अट आहे.

शस्त्र परवान्याच्या अटीही हेच सांगतात. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीवाचून जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत वा सार्वजनिक जमावात शस्त्र नेता येत नाही. मग उणीव कशाची आहे? अंमलबजावणीची. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती. परंतु त्यानंतरच बीड जिल्ह्यातील बाराशेहून अधिक शस्त्र परवान्यांकडे महाराष्ट्राचे लक्ष गेले, पिस्तुले मिरवणाऱ्यांच्या चित्रफिती पुढे आल्या आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. एका सरपंचाचा बळी जाईपर्यंत ही छाननी का थांबली होती?

कोणी म्हणेल, खरा धोका गावठी कट्ट्याचा आहे. तो आहेच. चोपडा तालुक्याच्या सीमेवरील उमर्टीचे नाव त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये शेजारच्या चाळीसगावात एका माजी नगरसेवकावर त्याच्या कार्यालयात गोळ्या झाडल्या गेल्या व त्यात त्याचा अंत झाला. अशा काळात लोकप्रतिनिधीने स्वसंरक्षणासाठी शस्त्र मागितले तर त्यास हसता येणार नाही. तथापि सभेचे रक्षण पोलिसांनी करावयाचे असते, सभासदांच्या कमरेच्या पिस्तुलांनी नव्हे. कट्टा लपवावा लागतो; परवान्याचे पिस्तूल प्रतिष्ठेने मिरवले जाते. दहशतीला प्रतिष्ठा मिळते ती येथे.

याला आर्थिक बाजूही आहे. पिस्तूल महाग, परवान्यासाठी वजन लागते, वेळ लागतो. भूमिहीनाला ते परवडत नाही. घरकुलाची यादी, रोजगार हमीची कामे, गायरानाचा वापर हे त्याच्या जगण्याचे प्रश्न ज्या सभेत निघतात, तेथे त्याच्याजवळ भांडवल एकच, आपला आवाज. तो दबला की मत समान राहूनही सत्ता विषम होते.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांची छाननी होते आणि अनेकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मतदानाला जो धोका शासन ओळखते तो ग्रामसभेच्या दिवशी नाहीसा होतो काय?

म्हणून कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत एक साधा ठराव मांडावा: सभास्थानी कोणीही शस्त्र आणणार नाही, आणल्यास अध्यक्षांनी सभा थांबवून पोलिसांना कळवावे. नगरपालिकेतही हाच आग्रह धरावा. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्यावी. या ठरावाला विरोध करण्यासाठी जो उठेल, त्याने आपले कारण भर सभेत सांगावे.