निवडून येणारा उमेदवार



भारतात उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात. म्हणून तिकीट हुकलेल्या इच्छुकाचा रोष थेट दिल्लीवर असतो. अमेरिकेत रोष धरायचा तो मतदारांवरच. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी उमेदवार ठरविण्याचा अधिकार पुढाऱ्यांच्या हातून काढून घेतला व प्राथमिक निवडणुकीच्या द्वारे लोकांकडे सोपविला. सुधारणा स्तुत्य होती, परंतु तिच्यातून एक पेच उद्भवला. प्राथमिक निवडणुकीत मतदान करणारे थोडे आणि बहुधा कट्टर असतात. नोव्हेंबरमधील मतदार पुष्कळ आणि संमिश्र मतांचे. ज्या मतदारसंघात पक्षाला परक्यांची मते मिळविल्यावाचून गत्यंतर नसते, तेथे हे अंतर घातक ठरते.

डेलावेअरचे उदाहरण पाहावे. माइक कॅसल हे राज्याचे माजी गव्हर्नर आणि १९९३पासून प्रतिनिधिगृहाचे सदस्य. डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेल्या त्या राज्यात रिपब्लिकन असूनही ते वारंवार निवडून येत. २०१० मध्ये सेनेटच्या जागेसाठी तेच पुढे असल्याचे मतचाचण्या सांगत होत्या. परंतु स्वपक्षीयांना त्यांची मवाळ वृत्ती खुपली. सप्टेंबरमध्ये त्यांनी क्रिस्टीन ओडॉनेल यांची निवड केली आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट ख्रिस कून्स सहज विजयी झाले.

हे गणित प्रतिपक्षालाही कळते. मिसूरीत २०१२ साली सेनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी रिपब्लिकन इच्छुकांपैकी टॉड एकिन हे 'अतिशय सनातनी' आहेत अशा जाहिराती दिल्या. वरवर ही निंदा; कट्टर मतदारांच्या कानी मात्र ती शिफारस ठरली! एकिन उमेदवार झाले, बलात्काराविषयी अनुदार उद्गार काढून बसले आणि हरले.

म्हणून पुढाऱ्यांचा अंदाजच प्रमाण मानावा काय? तसेही नाही. रोनाल्ड रेगन १९८० मध्ये आणि डोनाल्ड ट्रम्प २०१६ मध्ये निवडून येणे अशक्य, असे जाणकार म्हणविणारे अनेक जण सांगत होते. 'हा निवडून येणार नाही' हे वाक्य पुष्कळदा नवख्याला दाराबाहेर ठेवण्याची सभ्य रीत असते.

अलास्काने वेगळी वाट धरली. तेथे लिसा मर्कोव्स्की २०१० मध्ये पक्षांतर्गत लढत हरल्या. तरी मतदारांनी मतपत्रिकेवर त्यांचे नाव स्वहस्ते लिहून त्यांना सेनेटवर पाठविले. २०२२पासून त्या राज्यात सर्व पक्षांचे इच्छुक एकाच प्राथमिक निवडणुकीत उतरतात, पहिले चौघे पुढे जातात आणि अंतिम मतदान पसंतिक्रमाने होते. त्या वर्षी मर्कोव्स्की पुन्हा निवडून आल्या. ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये हजाराहूनही कमी मतांनी फेटाळला गेला.